बिघडवण्याचा हक्क

प्लगचे आटे गेले तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात, मी बाबांच्या जुन्या चेतकसमोर उकिडवा बसलो होतो. साफ केलेला प्लग परत बसवत होतो. सुरुवातीलाच तो जरा तिरका जातोय असं वाटलं होतं. पण पाना हातात होता, आणि पाना हातात असला की माणसाला जोर लावावासा वाटतो. एक फेरा दिला, दुसरा दिला. तिसऱ्या फेऱ्याला जे अडत होतं ते अचानक अडायचं थांबलं आणि प्लग नुसताच गोल फिरायला लागला.

प्लग पोलादाचा, इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. दोघांची झटापट झाली की हरतं ते ॲल्युमिनियम. तेवीस वर्षं बाबांनी तो प्लग असंख्य वेळा काढला असेल, घासला असेल, परत घातला असेल. आटे शाबूत होते. मी एका रात्रीत ते उडवले.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो. माझ्या कामात चूक झाली की दोन बटणं दाबून मागे जाता येतं. कालचं, परवाचं, सहा महिन्यांपूर्वीचं सगळं जपून ठेवलेलं असतं. धातूला मागे जाता येत नाही. ही गोष्ट मला माहीत होती, पण त्या रात्री ती पहिल्यांदा हाताला कळली. आणि मग झोप येईना तेव्हा एक प्रश्न डोक्यात घुसला, तो अजून गेलेला नाही: शिकायची हौस माझी, बिघडलं मात्र दुसऱ्याचं. हा हिशोब कुणाच्या नावावर मांडायचा?

*

चेतक ज्यांनी फक्त मीममध्ये पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

१९४६ साली इटलीत पिआजिओ कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. ती रेखाटली कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येतल्या इंजिनिअरने. त्याला मोटरसायकल आवडत नसे. तेलकट साखळीने कपडे खराब होतात, पंक्चर झालं की चाक काढणं जिवावर येतं, अशा त्याच्या तक्रारी. म्हणून त्याने इंजिन पत्र्याखाली झाकलं, साखळी काढून टाकली आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते झटकन काढता यावं. ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या पँटला डाग लागू नये, हा त्या सगळ्या रचनेमागचा विचार.

बजाजने पिआजिओशी करार करून १९६० च्या दशकात हीच स्कूटर भारतात बनवली. १९७१ मध्ये करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली, महाराणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन. टू-स्ट्रोक, साधारण १४५ सीसीचं इंजिन, डाव्या मुठीत चार गिअर, पोलादी पत्र्याचं अंग. परवाना राजच्या काळात लोक बुकिंग करून वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटर बनवणंच बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि २०२० मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळालं.

आमची १९८८ ची. रंग फिकट निळा. बाबा सरकारी खात्यात कारकून होते. त्यांना यंत्रातलं फार काही कळत होतं असं नाही. पण त्या पिढीच्या प्रत्येक चेतकवाल्याला कळायचं तेवढं त्यांना कळायचं. लिटरला वीस मिली ऑइल पेट्रोलमध्ये घालायचं. सकाळी चालू झाली नाही तर गाडी एका अंगावर कलती करायची. तरीही नाही झाली तर प्लग काढून पॉलिश पेपरने काजळी घासायची. पेट्रोल संपत आलं की पायाजवळची चावी रिझर्व्हवर फिरवायची. दास्कानिओने यंत्र कितीही झाकलं असलं तरी रोजच्या संसारात ते झाकण उघडावंच लागायचं.

आपल्या पिढीला ते उघडावं लागत नाही. गाडी बंद पडली की ॲपवरून माणूस बोलवायचा. यात वाईट काही नाही. पण एकतिसाव्या वर्षी मला आढळलं, की मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊनही मी आयुष्यात एकही नट स्वतः सोडवलेला नाही.

*

स्कूटर पार्किंगमध्ये २०११ पासून ताडपत्रीखाली उभी होती. का, ते सांगायला हवं.

तेव्हा मी बारावीत होतो. वय सतरा, लायसन्स नाही. डिसेंबरातली संध्याकाळ होती. बाबांना ऑफिसातून यायला उशीर होणार होता, ते त्या दिवशी बसने गेले होते आणि बहिणीला क्लासवरून आणायचं होतं. ती बारा वर्षांची. मी किल्ली घेतली. पार्किंगमध्ये दोन-चार फेऱ्या मारल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर. जाताना सगळं नीट झालं. येताना वळणावर कुणाच्या तरी बांधकामाची वाळू पसरली होती. मी घाबरून पुढचा ब्रेक आवळला. वळणावर, वाळूवर पुढचा ब्रेक आवळला की जे होतं ते झालं.

स्कूटर उजव्या अंगावर घसरत गेली. इंजिनावरचं गोल झाकण आत गेलं, पुढचा मडगार्ड वाकला. मला कोपराला खरचटलं. बहिणीची हनुवटी दुभाजकाच्या दगडावर आपटली. सहा टाके पडले.

बाबा दवाखान्यात धावत आले. डॉक्टरांनी विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?" बाबा म्हणाले, "मी."

एवढंच. नंतर घरी, शेजारी, नातेवाइकांत हेच उत्तर राहिलं. बाबांनी मला एका शब्दाने बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कूटर ढकलत आणली, पार्किंगच्या कोपऱ्यात लावली आणि वर ताडपत्री टाकली. त्यानंतर ते ऑफिसला बसने जात राहिले, निवृत्त होईपर्यंत.

म्हणजे गेल्या वर्षी मी ताडपत्री काढली तेव्हा ती निव्वळ हौस नव्हती. अर्थात मी सगळ्यांना हौस म्हणूनच सांगितलं.

*

किक खालीच जाईना. इतकी वर्षं उभ्या इंजिनात पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं आणि चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी किक बोटभर हलली. तो आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही, आणि तो कुणाला सांगावा असं घरात कुणी जागंही नव्हतं.

कार्बोरेटर उघडला. जुन्या पेट्रोलचा आत चिकट पिवळा थर जमला होता. जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं, ते बुजलेलं. टाकीत गंज. सगळ्या केबल अडकलेल्या. ऑइल सील वाळून कडक. व्हिडिओ बघत बघत मी एकेक गोष्ट करत होतो आणि दर तीन गोष्टींमागे एक बिघडवत होतो. मॅग्नेट काढायला पुलर लागतो हे न कळल्यामुळे त्यावर हातोडी मारली. कार्बोरेटरची गॅस्केट फाडली. एक स्प्रिंग पार्किंगच्या अंधारात उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. आणि मग ती प्लगची रात्र.

आटे गेलेलं हेड पिशवीत घालून मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार तिथे आहे. दोन दुकानदारांनी एकाच माणसाकडे बोट दाखवलं. पेठेतल्या एका बोळात त्यांचं जेमतेम स्कूटर मावेल एवढं गॅरेज. वय साठीच्या पुढे. सगळे त्यांना चाचा म्हणतात.

चाचांनी हेड उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "प्लग पान्याने घातला ना?"

"हो."

"प्लग हाताने घालायचा. चार फेरे बोटांनी बसले की मग पाना. हाताला कळतं तिरका चाललाय. पान्याला नाही कळत."

मी म्हटलं, "शिकतोय, चाचा."

ते हसले. हेड लेथवाल्याकडे गेलं, भोक मोठं करून आत नवं आट्यांचं बूश बसवलं गेलं. साडेचारशे रुपये झाले. मी पैसे दिले आणि म्हटलं, "चला, अनुभव आला."

त्यावर चाचांनी जे सांगितलं ते असं. ते अकरा वर्षांचे असताना गावाहून इथे आले. उस्तादाच्या हाताखाली आधी झाडू, मग चहा, मग "बाराचा पाना दे, तेराचा पाना दे". दोन वर्षांनी पहिल्यांदा त्यांना एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचा प्लग बसवायला मिळाला. तिरका गेला. आटे उडाले. अगदी माझ्यासारखेच. उस्तादाने तोच पाना डोक्यात घातला आणि दोन महिन्यांचा पगार कापला.

"तुमचा अनुभव झाला," चाचा म्हणाले. "माझं नुकसान झालं होतं."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. एका चुकीची दोन नावं त्यांनी फक्त शेजारी शेजारी ठेवली.

*

ॲरिस्टॉटलने फार पूर्वी लिहून ठेवलंय, की जे करायला शिकायचं ते करूनच शिकता येतं. घर बांधूनच गवंडी होतो, वाद्य वाजवूनच वादक. पण त्याने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे, ती आपण सहसा विसरतो. वाजवूनच चांगला वादक होतो आणि वाजवूनच वाईट वादकही होतो. तसं नसतं तर शिक्षकाची गरजच पडली नसती, असं तो म्हणतो.

यातून एक अडचण उभी राहते. कोणतीही गोष्ट येण्याआधी ती करावी लागते. म्हणजे ती वाईट करावी लागते. आणि वाईट करायला काहीतरी लागतं: एखादं इंजिन, एखादं घर, एखादा माणूस. न्हावी कुणाच्या तरी डोक्यावर पहिल्यांदा कात्री चालवतो. नवी शिक्षिका कुठल्या तरी वर्गाला पहिलं वर्ष शिकवते, आणि त्या वर्गाचं ते सहावीचं एकमेव वर्ष असतं. शिकाऊ डॉक्टर पहिलं इंजेक्शन कुणाच्या तरी दंडात देतो. तो दंड सहसा सरकारी दवाखान्याच्या जनरल वॉर्डमधला असतो. ज्याला स्वतंत्र खोली परवडते त्याच्याकडे मोठे डॉक्टर येतात.

तेव्हा "चुकांमधूनच माणूस शिकतो" हे वाक्य मला आता अर्धवट वाटतं. शिकतो एक आणि किंमत मोजतो दुसरा, असं पुष्कळदा होतं. शिकताना चुकण्याचा हक्क सगळ्यांना असतो असं आपण म्हणतो, पण तो हक्क वापरायला पैसे लागतात, वेळ लागतो, पाठीशी कुणीतरी लागतं. माझ्यापाशी हे सगळं होतं. अकरा वर्षांच्या चाचांपाशी नव्हतं. आपल्याकडे तर शतकानुशतकं हात काळे करण्याचं काम काही जातींकडे ढकललं गेलं आणि त्यातून आलेल्या शहाणपणाला विद्या म्हणायचंही नाकारलं गेलं. आज मी ग्रीस लागलेल्या बोटांचा फोटो टाकला की त्यावर शंभर लाइक येतात. चाचांच्या बोटांचा फोटो कुणी काढला नाही.

मग काय करायचं? शिकायचंच नाही? ते शक्य नाही. कुणीच पहिल्यांदा काही केलं नाही तर दुसऱ्यांदा करणारं कुणी उरणार नाही.

या प्रश्नाचं जरा बरं उत्तर मला अनपेक्षित ठिकाणी सापडलं: मोटार वाहन नियमांत.

शिकाऊ लायसन्सवाल्याने गाडीला पांढऱ्यावर लाल अक्षरात एल लावायचा असतो. शेजारी असा शिकवणारा हवा, ज्याला वेळ आली तर गाडी आवरता येईल. आणि दुचाकी शिकताना, शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणालाही मागे बसवायचं नाही.

आपण एल-बोर्डाला हसतो. पण नीट बघा, त्या तीन अटींत केवढा विचार आहे. पहिली अट: मी नवशिका आहे हे लपवू नये, म्हणजे समोरच्याला जरा लांबून जायची संधी मिळते. दुसरी: जिथे चूक महागात पडेल तिथे एकट्याने शिकू नये. तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते: ज्याने तुमच्या शिकण्याचा धोका समजून उमजून पत्करलेला नाही, त्याला मागे बसवू नये.

बारा वर्षांच्या मुलीला दादा म्हणाला "बस", आणि ती बसली. तिने काय पत्करलं होतं?

*

इंजिन चालू झालं. निळसर धूर, तो ओळखीचा फटफट आवाज, आणि वरच्या गॅलरीतून डोकावलेले बाबा. ते काही बोलले नाहीत, पण खाली आले आणि ॲक्सिलरेटर जरासा पिळून आवाज ऐकून परत गेले.

आता राहिलं होतं अंग. इथून माझी खरी स्वप्नं सुरू होत होती. मॅट काळा रंग, एलईडी हेडलॅम्प, मुठींच्या टोकाला गोल आरसे, जरा घुमणारा सायलेन्सर. फोनमध्ये असले दोनशे फोटो साठवले होते.

कायदा इथेही आडवा आला. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडीची मूळ रचना मालकाला मनासारखी बदलता येत नाही. रंग बदलता येतो, पण तो आरसी बुकात नोंदवून घ्यावा लागतो. आधी चीड आली. गाडी माझी, पैसा माझा. मग सायलेन्सरचा विचार केला. त्याचा आवाज माझ्या कानात मावणार नव्हता. तो तिसऱ्या मजल्यावरच्या तान्ह्या बाळाच्या कानात जाणार होता. ते बाळही एका अर्थी मागच्या सीटवर बसलेलं. सायलेन्सर यादीतून गेला.

मित्र म्हणाला, "इतके भाग बदललेस, आता ही तीच स्कूटर राहिली का?" हा प्रश्न जुना आहे. ग्रीकांनी तो थीसियसच्या जहाजावरून विचारला. आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की तू आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? एकही भाग रथ नसतो. सगळे भाग एकत्र आले की आपण त्याला रथ हे नाव देतो. आरटीओचं उत्तर याहून सोपं आहे: चासी नंबर जुळला की तीच स्कूटर. मला या प्रश्नाने फारसं छळलं नाही. मला छळत होता तो आत गेलेला पत्रा.

इंजिनावरच्या झाकणाची ती पोच. ताटलीएवढी. माझ्या मनात आलं, सगळी स्कूटर काळी करू आणि ती पोच तशीच ठेवू. तिच्यावर नुसता पारदर्शक लेप देऊ, आतला निळा रंग आणि ओरखडे दिसतील असा. केलेल्या चुकीची खूण लपवायची नाही. मला हे फार प्रामाणिक वाटलं. फार सुंदरही वाटलं.

बहीण दिवाळीला घरी आली होती. तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "दादा, ती खूण तुझी आहे का?"

मला कळलं नाही.

"मी रोज कॉलेजला जाताना त्या ताडपत्रीशेजारून जायचे," ती म्हणाली. "वाऱ्याने कोपरा उडाला की तो पत्रा दिसायचा. तुला ती आठवण वाटते. तू ती लोकांना दाखवशील, लोक म्हणतील, वा, काय स्टोरी आहे. माझ्या हनुवटीचं मी काय करायचं ते मी बघते. पण माझं पडणं तुझ्या गाडीवर नक्षी म्हणून नको."

मी म्हटलं, "पण मला लपवायचं नव्हतं."

"लपवायचं नव्हतं तर तेव्हा बोलायचं होतंस." ती थांबली. "बाबांनी मला दवाखान्यातच सांगितलं, कुणी विचारलं तर बाबा चालवत होते म्हणायचं. टाके घालताना मी तेच म्हणत होते. टाक्यांचं आता आठवतही नाही. पण खोटं मलाही बोलायला लावलं तुम्ही दोघांनी. मला कुणी विचारलं होतं?"

इतक्या वर्षांत हे वाक्य आमच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी बाबांच्या त्या "मी" या एका शब्दाकडे नेहमी त्याग म्हणून पाहत आलो होतो. तो होताच. पण त्या त्यागाने दोन गोष्टी झाल्या. माझ्या चुकीची किंमत मोजायची माझी पाळी माझ्याकडून काढून घेतली गेली, आणि ज्या मुलीने ती किंमत आधीच मोजली होती तिच्याकडून आणखी एक हप्ता घेतला गेला.

दुरुस्ती म्हणजे काय, याबद्दल माझी समज तिथे बदलली. मी धरून चाललो होतो, की खूण झाकणं म्हणजे खोटेपणा आणि दाखवणं म्हणजे खरेपणा. पण एखादी खूण ठेवायची की पुसायची, हे ठरवायचा पहिला हक्क ज्याला लागलं त्याचा. ज्याच्या हातून झालं त्याचा नंबर नंतर. मी चूक मान्य करायला पत्रा शोधत होतो, कारण पत्र्याला तोंड नसतं. मान्य करायची ती माणसांसमोर, तोंडाने.

ती संधी दोन दिवसांतच आली. पार्किंगमध्ये झाकण काढून बसलो होतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका थांबले. "अरे वा, चालू केलीस? हीच ना ती, बाबांनी पोरीला पाडलं होतं ती?" ते हसत म्हणाले. गेली कित्येक वर्षं ते बाबांना हे असं हसत म्हणत आले होते, आणि बाबाही हसून सोडून देत आले होते.

मी म्हटलं, "बाबांनी नाही, काका. मी चालवत होतो. लायसन्स नव्हतं माझ्याकडे."

काकांना काय बोलावं ते सुचलं नाही. "अच्छा, अच्छा" म्हणून ते लिफ्टकडे गेले. मला वाटलं होतं काहीतरी मोठं घडेल. काही घडलं नाही. फक्त संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्यांना कशाला सांगितलंस?" आणि थोड्या वेळाने, "बरं केलंस."

*

पोच मी स्वतः काढली, चाचांच्या गॅरेजात, त्यांना शेजारी बसवून. आतून हातोडी, बाहेरून लोखंडी ठोकळा. मी पहिला घाव सगळ्यात खोल जागी घालणार तोच त्यांनी हात धरला. मधोमध ठोकलं तर ताणलेला पत्रा आणखी ताणतो. कडेपासून सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत हळूहळू आत यायचं. पूर्ण एक दुपार गेली. मग पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. बारीक लाट राहिलीच. तिरक्या उन्हात कळते. चाचा म्हणाले, "नवशिक्याच्या मानाने ठीक." त्या दुपारच्या गॅरेजभाड्याचे आणि शिकवण्याचे पैसे मी त्यांना आग्रहाने दिले. ते आधी नको म्हणाले, मग घेतले. उस्तादाने कापलेला पगार त्यातून भरून येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

रंग कोणता द्यायचा ते बहिणीला विचारलं. बाबांनाही विचारलं. दोघंही, वेगवेगळ्या खोलीत, एकच म्हणाले: होता तोच. फिकट निळा. मॅट काळ्याचे दोनशे फोटो अजून फोनमध्ये आहेत. एलईडीही लावला नाही. गोल आरसे तेवढे लावले, कारण आरसे सगळ्यांना आवडले.

मग बहीण म्हणाली, "मला शिकव."

तिच्याकडे बिनगिअरच्या गाडीचं लायसन्स होतं. गिअरच्या गाडीसाठी तिने पुन्हा शिकाऊ लायसन्स काढलं. मी कागदावर लाल मार्करने एल लिहिला आणि पुढे-मागे चिकटवला. एका रविवारी सकाळी, रिकाम्या मैदानावर, ती पुढे बसली आणि मी मागे. शिकवणारा मागे बसलेला चालतो, नियमात आहे.

डाव्या मुठीत क्लच दाबून गिअर फिरवणं तिला जमेना. चौथ्या वेळी गाडी गचका देऊन बंद पडली, तोल गेला आणि स्कूटर सावकाश उजव्या अंगावर आडवी झाली. आम्ही दोघं पाय टेकवून उभे राहिलो. लागलं कुणालाच नाही. नव्या निळ्या रंगावर मात्र, त्याच झाकणावर, बोटभर लांब पांढरा ओरखडा उमटला.

एक दुपार, तीन हात रंग, पाच नंबरचे पॉलिश पेपर. सगळं डोळ्यांसमोर आलं आणि जिभेच्या टोकावर काहीतरी आलं.

कडेला कट्ट्यावर बाबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

"किती वाईट पडलंय?" बहिणीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "क्लच पूर्ण दाब. गिअर हाताला कळेल. पुन्हा मार किक."